इनासकाकांचा भाडेकरू

आमचे मालवणचे शेजारी इनासकाका रोज सकाळी अंगणातल्या मोरपंखीसमोर खुर्ची टाकतात आणि भिंगातून तिचं एकेक पान वाचतात. लोक पेपर वाचतात तसं, मधूनच मान हलवत. बोटीवर स्वयंपाकी म्हणून आयुष्य गेलं, लग्न राहूनच गेलं. घरात एकटेच.

यंदा मोरपंखीचे शेंडे तपकिरी व्हायला लागले. कुंपणापलीकडे त्यांचा धाकटा भाऊ सायमन राहतो. त्याच कुंपणावरून दोघांचं बोलणं बंद होतं. त्याने माझ्याकडून निरोप धाडला, "रोग माझ्या माडांका लागतलो. नाताळाआधी झाड तोड म्हणान सांग."

मी निरोप पोचवला. काकांनी एक शेंडा उन्हाकडे धरला. आतून पोकळ, आणि बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक.

"रोग नाय रे ह्यो. आत कोणतरी रवता. भाडेकरू आसा."

"मग औषध मारा."

"आधी माका तेचा तोंड बघूचा आसा."

त्यांनी एका फांदीला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. इनासाच्या झाडाला डास चावतात, म्हणून वाडी हसली. सायमनने कोयत्याला धार लावून ठेवली.

नाताळच्या तोंडावर एका सकाळी काकांनी मला हाक मारली. जाळीच्या आत एक पतंग बसला होता. रुपेरी, तांदळाच्या कणीएवढा. काकांनी तो बरणीत घेतला, रिक्षा बोलावली आणि अख्ख्या बाजाराला तो दाखवला. मासळीबाजारात एका बाईने बरणी डोळ्यांशी नेली आणि मासाच समजून विचारलं, "हेचा करतत काय? सार काय तिखला?" काकांनी तिलाही समजावलं, ह्याची अळी पानाच्या पोटात राहून पान खाते. "माडाक शिवणा नाय. मी सगळी झाडां तपासलंय."

बातमी कुंपणापलीकडे गेलीच. संध्याकाळी सायमन फाटकातून आत आला. भिंग लावून बराच वेळ बघत राहिला.

"कसलो बारीक रे ह्यो," म्हणाला.

काकांनी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून तपकिरी शेंडे कापले आणि जाळले. नाताळात मोरपंखीवर दिवे लागले, वायर सायमनच्या घरातून आली.

परवा मला झाडाच्या मागच्या अंगाला एक तपकिरी फांदी तशीच दिसली.

"काका, ही कापायची राहिली."

त्यांनी कुंपणाकडे बघून आवाज खाली आणला. "रवांदे. दुसरो भायर इलो काय, म्हणान सायमन रोज बघूक येता."