नव्व्याण्णव नंबरांची निवृत्ती

नव्या कोचने जर्सींचं मागणीपत्र टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "व्हर्लिन, पोरांना कुठले नंबर द्यायचे?"

व्हर्लिन ऑस्टेनडॉर्फने हातातली यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली. "शून्य," तो म्हणाला.

"आणि बाकीच्यांना?"

"शून्यच शिल्लक आहे."

आयोवातल्या आमच्या टर्नर क्रीक कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा, संघ तीस वर्षांपूर्वी बंद पडला. तो पुन्हा उभा करायचा ध्यास आम्हा माजी विद्यार्थ्यांत व्हर्लिननेच घेतला होता, आणि त्याला कारण होतं. त्याचा धाकटा भाऊ ड्वेन या संघातून खेळायचा. एकविसाव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने तो गेला. कॉलेजने त्याचा सत्तावीस नंबर निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कुणी घालायचा नाही, आणि त्याची जर्सी व्यायामशाळेत काचेआड टांगली. पुढे संघच राहिला नाही. घालणारंच कुणी नसेल तर न घालण्यात कसला आलाय मान? आई, ऑर्फा, आता अठ्ठ्याऐंशीची झाली होती. तिच्या डोळ्यांदेखत संघ एकदा मैदानात उतरावा, एवढंच व्हर्लिनला हवं होतं.

कॉलेजच्या अध्यक्षीणबाईंनी अट घातली की शंभर जुन्या खेळाडूंचा लेखी पाठिंबा आणा. व्हर्लिनने पहिला फोन लाइल ब्रमरला केला.

"सही करतो की," लाइल म्हणाला. "पण ड्वेनसारखी माझीही जर्सी टांगायची."

"लाइल, तू चार वर्षं नुसता बाकावर बसून होतास."

"मग माझ्याइतका नंबर जपलाय कुणी?"

व्हर्लिन पडला भिडस्त. तो हो म्हणाला. रविवारी चर्चमधल्या जेवणावळीत ही बातमी बटाट्याच्या सॅलडआधी सगळ्यांच्या पानात पोचली. लाइलला मान, मग आम्ही काय घोडं मारलंय? सह्या भराभर झाल्या, शंभराच्या जागी अडीचशे. एकेका नंबरवर तिघातिघांनी हक्क सांगितला, तेव्हा व्हर्लिनने तिघांचीही नावं लिहून घेतली. एक ते नव्व्याण्णव, सगळे नंबर निवृत्त.

"मैदानावरच्या अकरा जणांना अकरा वेगळे नंबर लागतात," कोच शांतपणे म्हणाला. "नाहीतर पंच खेळूच देणार नाहीत. तीन आठवडे आहेत तुमच्याकडे."

व्हर्लिनने पुन्हा फोन हातात घेतला.

"देतो ना परत," लाइल म्हणाला. "पण आधी ड्वेनचा काढ."

इतरांनीही हेच ऐकवलं. बायकोजवळ गाऱ्हाणं घालावं, तर मार्लिस भांडी पुसता पुसता म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? मिरवायची हौस तूच लावलीस. आता आईंना विचार जा."

हेच तर त्याच्याने होत नव्हतं. दोन दिवस त्याने उगाचच गवत कापलं. तिसऱ्या दिवशी ॲपल पाय घेऊन तो वृद्धाश्रमात गेला आणि आईसमोर टोपी कुरवाळत बसला.

"आई, ड्वेनचा नंबर दुसऱ्या पोराला द्यावा लागेल असं दिसतंय. तू नको म्हणालीस तर नाही देणार. राहू दे तो संघ."

ऑर्फाने चमचा खाली ठेवला. "किती वर्षं टांगलाय रे तो?"

"सदतीस."

"त्या पोराला दोन मिनिटं एका जागी बसवत नव्हतं. जेवायचासुद्धा उभ्यानं. त्याला तुम्ही खिळ्याला टांगलंत आणि मला म्हणालात, मान आहे. मी काय बोलणार?"

व्हर्लिनने टोपी बाजूला ठेवली. "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुला बरं वाटत होतं ना," ती म्हणाली.

ड्वेनचा नंबर निघाला, तसे बाकीचेही कुरकुरत निघाले. सप्टेंबरातल्या शनिवारी संघ मैदानात उतरला आणि त्याने सपाटून मार खाल्ला. म्हातारे आपापल्या नंबराला घसा फोडून शिव्या देत होते. ऑर्फा चाकांच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन, फक्त सत्तावीसकडे पाहत होती. तो नेब्रास्काचा एक हडकुळा पोरगा होता. चेंडू हातात आला की चौघे त्याच्यावर कोसळायचे. दर वेळी ऑर्फाची बोटं व्हर्लिनच्या मनगटात रुतायची, आणि पोरगा उठून गुडघ्यावरचं गवत झटकायला लागला की सैल व्हायची.

"आई, छप्पन्न शून्य झालंय," व्हर्लिन म्हणाला. "वारा सुटलाय. जाऊ या का?"

सत्तावीस पुन्हा आडवा झाला होता.

"थांब," ऑर्फा म्हणाली. "त्याला उठू दे."

तो उठला. व्हर्लिनने तोंड फिरवून नाक शिंकरलं, आणि दोघं शेवटपर्यंत बसून राहिले.