डागी सफरचंद आधी

प्रत्येक फळाला एक ना एक दिवस कुजायचे असते, आणि ते का कुजले याचा खुलासा कुठल्या तरी कार्यालयाला करायचा असतो. या दोघांपैकी फळ आपले काम नेहमी वेळेवर करते.

सफरचंदांच्या थंड गुदामाचे प्रमुख नाना यांची हयात असे खुलासे लिहिण्यात गेली होती. छतापर्यंत रचलेले क्रेट, दाराशी खुंटीला अडकवलेल्या कानटोप्या आणि सगळीकडे भरून राहिलेला आंबूस गारवा, असे त्यांचे राज्य. यंदा वरून हुकूम आला, की रासायनिक फवारे बंद. बुरशीला 'केवळ नैसर्गिक उपायांनी परावृत्त करावे'. (समजूत घालून की दम देऊन, हे हुकुमात नव्हते.) हंगामाअखेर तपासणीस येणार होता. त्याला बुरशी दिसली, तर नानांची बदली कांद्याच्या गुदामात.

ही बातमी घरी सांगताच बायकोने हातातली कढई खाली ठेवली.

"हे बघा, नोकरी कुठेही करा. पण कांद्याचा वास घेऊन घरात आलात, तर अंथरूण गॅलरीत. आत्ताच सांगून ठेवते."

बायको बोलली आणि तसे झाले नाही, असे त्या घरात आजवर घडलेले नव्हते. गॅलरीत वॉशिंग मशीन होते. नानांनी उरलेल्या जागेचा गुपचूप अंदाज घेतला. पाय पोटाशी घेतले तर मावत होते.

मग नाना कंबर कसून कामाला लागले. पहिला प्रयोग दालचिनीच्या तेलाचा. बुरशी आलीच, पण सुवासिक आली. दुसरा लवंगेच्या तेलाचा. त्याने सफरचंदांना दातांच्या दवाखान्याचा वास लागला आणि गिऱ्हाईक फळ हातात घेऊन नुसतेच आ वासून बसू लागले. तिसरा उपाय फळांना गरम पाण्यात बुडवून काढण्याचा. हा उपाय उत्तम आहे, याबद्दल दुमत नव्हते; दुमत होते ते पाणी किती गरम, यावर. नानांना अंघोळीला कढत पाणी लागते, त्यामुळे त्यांच्या पाळीत सफरचंदांचा मुरांबा झाला. क्रेट सांभाळणाऱ्या ताईंना कोमट चालते, त्यामुळे त्यांच्या पाळीत बुरशीची अंघोळ झाली. शेवटी एक उपकारक बुरशी मागवण्यात आली. ही चांगली बुरशी वाईट बुरशीशी लढते, असे पत्रकात म्हटले होते. दोघींची भेट घडवून आणली. दोघींचे छान जमले.

नाना हताश होऊन घरी आले. बायकोने बशी पुढे केली. बशीत काळा भाग काढून टाकलेल्या सफरचंदाच्या फोडी होत्या.

"आधी हे संपवा. डाग पडलाय, उद्या जाईल."

"आणि ते टोपलीतलं लालबुंद?"

"ते चांगलं आहे ना? मग राहील की."

नानांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्या टोपलीत आपण कधीही बुरशी पाहिलेली नाही. (चांगले सफरचंदही कधी खाल्लेले नव्हते, पण हुकुमात त्याचा उल्लेख नव्हता.)

दुसऱ्या दिवशी गुदामात 'डागप्रथम पद्धती' लागू झाली. डाग दिसताच ते फळ कर्मचाऱ्यांनी जागच्या जागी सेवन करावे. निर्दोष फळास कोणीही हात लावू नये, त्यास थांबता येते. ही पद्धत संपूर्ण नैसर्गिक होती, कारण तीत दात, जीभ व जठर यांखेरीज कोणतेही साधन वापरलेले नव्हते. आठवडाभरात बुरशी शून्यावर आली. कर्मचाऱ्यांची प्रकृतीही समाधानकारक होती. शेकडा चाळीस कामावर होते आणि उरलेले शेकडा साठ स्वच्छतागृहाच्या रांगेत.

बाजारात माल न्यायला ट्रकवाला आला, की ताई त्याला परत पाठवायच्या.

"चांगला माल हवाय? अहो, तो चांगला आहे, तर घाई कशाला करता?"

एकदा मात्र त्यांनी कानटोपी वर सारून विचारलेच. "नाना, चांगलं फळ खायची पाळी येते कधी हो?"

"त्याला डाग पडला की."

ताई विचारात पडल्या. तेवढ्यात पोटात कळ आली आणि विचार तिथेच राहिला.

तपासणीस आला. त्याने क्रेट हलवले, फळे उलटसुलट करून पाहिली, कोपऱ्यात बॅटरी मारली. बुरशी कुठेच नव्हती. जाता जाता म्हणाला, "एखादं चाखायला मिळेल का?"

नानांचा हात चकचकीत सफरचंदांवरून फिरत फिरत सवयीने मागे गेला. तिथे एक मऊ पडलेले होते. त्यांनी काळा भाग कापला आणि उरलेला तुकडा तपासणिसापुढे धरला. धरल्यावर आपण काय केले ते त्यांच्या लक्षात आले, आणि डोळ्यांपुढे वॉशिंग मशीन उभे राहिले.

तपासणिसाने चावून चावून खाल्ले. त्याचे डोळे पाणावले.

"अगदी घरची चव! आई असंच कापून द्यायची, आता बायको देते. खरं सांगू का, न कापलेलं सफरचंद कसं लागतं, मला ठाऊकच नाही."

शेरा सर्वोत्कृष्ट मिळाला. इतका कर्तबगार माणूस सफरचंदांत अडकून पडू नये, जिथे सर्वाधिक नासधूस आहे तिथे त्याचा उपयोग व्हावा, असे वरिष्ठांनी एकमताने ठरवले. नानांना बढती देऊन कांद्याच्या गुदामात पाठवण्यात आले. बायकोने अभिनंदन केले, अगदी मनापासून केले, आणि त्यांची उशी गॅलरीत नेऊन ठेवली.

या पद्धतीचा प्रसार व्हावा म्हणून जनतेसाठी प्रशिक्षण वर्ग घ्यायचे ठरले होते. ते रद्द झाले. पाहणी केली तेव्हा घरोघरी लोक आधीपासूनच तयार आढळले. उदाहरणार्थ, आपण. आपल्या घरात या क्षणी एक छान, टवटवीत फळ आहे. ते आपण आज खाणार नाही, कारण आधी त्याच्या शेजारचे संपवायचे आहे. काळजी नसावी. दोन दिवसांत तेही खाण्याजोगे खराब होईल.