पिकअपच्या केबिनमधला धूर

जबलपूरच्या महाराजपूर भागात घरासमोर उभ्या असलेल्या पिकअपच्या केबिनमधून धूर निघताना दिसला, तेव्हा विष्णुपंतांच्या हातातला चहा तिथेच थांबला. "आजच काहून?" एवढंच ते म्हणाले आणि पान्यांची पेटी आणायला आत गेले.

गाडी जुनी होती आणि ती त्यांनीच निवडली होती. त्यांचा मुलगा अक्षत रिछाईच्या औद्योगिक भागात लाकडी पेट्या बनवायचा. त्याला कोरी करकरीत गाडी हवी होती, पण विष्णुपंतांनी हट्टाने हीच घ्यायला लावली. पसंत नाही पडली तर परत, अशी विकणाऱ्याशी बोली होती. सकाळी निघताना अक्षत हसत म्हणाला होता, "दुपारी पहिली खेप आहे पप्पा. हिने जरा भी नखरा केला ना, तर संध्याकाळी वापस." निवृत्त माणसाचं घरात चालतं ते किती? हे एक चाललं होतं, आणि ते विष्णुपंत असं सहजासहजी जाऊ देणार नव्हते.

ड्रायव्हर बंटी पाण्याची बादली घेऊन धावत आला. विष्णुपंतांनी त्याला हातानेच अडवलं. पाणी गाडीने कालच भरपूर पाहिलं होतं. भर थंडीत त्यांनी ती पाइपने धुतली होती, खिडकी उघडी राहून सीट चिंब झाली होती, आणि तेव्हापासून त्यांचं नाकही पार बंद होतं.

धूर म्हणजे वायरिंग, यात त्यांना शंका नव्हती. त्यांनी आधी बॅटरीच्या तारा काढल्या. धूर होता तसाच. मग दोष हीटरचा, म्हणून डॅशबोर्डखालची पट्टी उघडली. तिथे काही सापडेना, तेव्हा झाडून सगळे फ्यूज उपटून वर्तमानपत्रावर मांडले. एकही जळालेला नव्हता, आणि याचा त्यांना भलताच राग आला.

बंटीने दारातून नाक पुढे केलं. "बाबूजी, खुशबू आ रही है. मंदिर जैसी."

"पुरानी गाड़ी की वायर ऐसीच महकती है," विष्णुपंतांनी ठणकावून सांगितलं. ज्या माणसाला सकाळपासून चहाचाही वास आला नव्हता, त्याचा हा निर्णय. पण निर्णय एवढा ठाम होता की बंटीलाही पटला.

आता धूर सीटच्या मागून येत होता, तेव्हा जळकी वायर तिथेच असणार. घामाघूम होऊन त्यांनी सीटचे बोल्ट काढले, दोघांनी मिळून ती अंगणात उतरवली आणि विष्णुपंत टॉर्च घेऊन आत वाकले.

मागच्या कोपऱ्यात, एका ताटलीत, देवघरातलं पितळी धुपाटणं निवांत धुमसत होतं. बंटीने आपसूक हात जोडले.

तेवढ्यात शहरातल्याच गोरखपूर भागातून बाजार करून त्यांची सून चिन्मयी स्कूटीवर परतली. लग्न होऊन साताऱ्याहून आली त्याला फार दिवस झाले नव्हते. सुटी झालेली गाडी बघून ती जागीच थबकली.

"बाबा, कमी पडला का धूप?"

"हे तू ठेवलं? काहून?"

"तुम्हीच तर म्हणालात, गाडीला जरा धूप दाखव. मला वाटलं, जुनी गाडी आहे, कुणाची नजर वगैरे... मग ऊदही घातला थोडा जास्त."

विष्णुपंतांना सीट वाळवायची होती. पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात मुरलेल्या त्यांच्या मराठीत धूप म्हणजे उन्हाशिवाय दुसरं काय असणार? पण यात सुनेचा काय दोष? तिने सांगितलेलं अक्षरशः केलं होतं. त्यांना हसू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"चूक माझी," ते म्हणाले. "आजपासून ऊनच म्हणायचं. ऊन म्हणजे ऊन."

अक्षत निघाल्याचा फोन आला. चिन्मयी चहा टाकायला आत पळाली आणि विष्णुपंत फ्यूजच्या मागे लागले. सीट अजून ओलीच होती. डॅशबोर्डखालून त्यांनी नव्या निर्धाराने हुकूम सोडला, "बंटी, सीट को जरा ऊन दे दो!"

मग पुढे जाऊन बॅटरीच्या तारा जोडल्या आणि ते केबिनकडे परतले, तर सीट जागेवर बसलेली, आणि तिच्यावर त्यांची निवृत्तीच्या सत्कारात मिळालेली शाल चापूनचोपून गुंडाळलेली.

"घर में ऊन की यही एक चीज दिखी, बाबूजी," बंटी म्हणाला. त्याच्या हिंदीत ऊन म्हणजे लोकर.

शालीला हात घालणार, तोच अक्षत आला आणि सरळ सीटवर बसला. त्याने एक खोल श्वास घेतला. "वा पप्पा, पूजा पण केली? और सीट कितनी नरम आहे. ठेवून घेऊ गाडी."

आता शाल ओढावी तर खालची ओल दिसणार. विष्णुपंतांनी मान डोलावली. गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि मोठ्या ऐटीत वळणाआड गेली. त्यांची छाती आनंदाने भरून आली, अंगात मात्र हुडहुडी भरली.

चिन्मयी चहा घेऊन आली. "बाबा, काकडताय की! जरा ऊन घ्या ना."

"होतं बेटा," विष्णुपंत म्हणाले. "ते आत्ताच रिछाईला गेलं."