दोडक्याच्या शिरांची चटणी आणि बारा व्होल्ट

"हात्तिच्या! मग टीव्हीच बरोबर नेऊ की!" असं मच्छिंद्र बराटे मंगळवारी सकाळी चहा पिता पिता बोलून गेले. माणूस बोलून जातो आणि निस्तरत बसतो, ही जगाची रीत आहे. मच्छिंद्ररावांना निस्तरायला शनिवार दुपारपर्यंतचा वेळ मिळाला, एवढंच.

मच्छिंद्रराव खडकीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत. आयुष्यभर दुसऱ्यांचे नटबोल्ट मोजून झाल्यावर माणसाला स्वतःचं काहीतरी जोडावंसं वाटतं. त्यातून त्यांनी आपल्या जुन्या जीपमागे जोडायला एका लिलावात लष्कराचा जुना दोन चाकी ट्रेलर उचलला. त्यावर प्लायवूडची खोली चढवली, आत दोन बाकं, घडीचं टेबल, स्टोव्हला कोनाडा आणि खिडकीला फुलाफुलांचा पडदा. परदेशात म्हणे लोक असं घर गाडीमागे बांधून रानावनात मुक्कामाला जातात. देश खुला झाला होता, कोपऱ्याकोपऱ्यावर कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, मग बराट्यांनीच का मागे राहावं? कर्वेनगरच्या सोसायटीत मात्र या फिरत्या घराची कदर कुणालाच नव्हती. "काय बराटे, भुर्जीपाव कधीपासून चालू करताय?" असं येताजाता विचारलं जाई. तीन महिने पार्किंग अडवल्यावर चेअरमननी लेखी कळवलं, की शनिवारी सकाळपर्यंत 'सदर वस्तू' हलली नाही, तर ती भंगारवाल्याला बोलावून हलवण्यात येईल.

'सदर वस्तू' हा शब्द मच्छिंद्ररावांच्या वर्मी लागला. शनिवारी सहकुटुंब मुक्कामाला जायचंच, असं त्यांनी सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. आणि मंगळवारी टीव्हीवाल्यांचं पत्र आलं. त्यांच्या पत्नी शालूताईंनी मुंबईला जाऊन टीव्हीच्या पाककृतींच्या कार्यक्रमात दोडक्याच्या शिरांची चटणी करून दाखवली होती, ती शनिवारी दुपारी चार वाजता दाखवणार होते. एकदाच.

"मी कुठेही येणार नाही," शालूताई म्हणाल्या. "आयुष्यात एकदा टीव्हीवर दिसणार, आणि तेव्हा मी तुमच्या भुर्जीच्या गाडीत बसू?"

तेव्हा मच्छिंद्रराव ते वाक्य बोलले.

घरचा टीव्ही लाकडी शटरच्या कपाटात होता आणि ते कपाट ट्रेलरच्या दारातून जाणार नव्हतं. (मच्छिंद्ररावांनी दार मोजलं, मग कपाट मोजलं, मग परत दार मोजलं. दार तेवढंच राहिलं.) तेव्हा छोटा टीव्ही हवा. नवरा, बायको आणि मुलगी असे तिघंही कसबा पेठेत ज्ञानदेवच्या दुकानी गेले. ज्ञानदेव रेडिओ-टीव्ही दुरुस्त करी आणि त्यातलेच काही विकी. बोलण्याची त्याला फारशी हौस नव्हती.

"हा घ्या. चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट. मागे बारा व्होल्टचं भोक आहे. जीपच्या बॅटरीला जोडा, चार-पाच तास बघा, घरी जा."

"ब्लॅक अँड व्हाइट?" शालूताई दोन पावलं मागे सरल्या. "अहो, मी मोरपंखी साडी नेसले होते. आणि चटणी हिरवी आहे. काळी चटणी बघून लोक म्हणतील करपवली!"

"आणि रिमोट?" मुलगी उत्कर्षानं विचारलं. ती कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. "रिमोट नसलेला टीव्ही म्हणजे सो बॅकवर्ड, बाबा!"

ज्ञानदेवनं मुकाट्यानं फडताळातून रंगीत चौदा इंची काढला. "हा घरच्या करंटवर चालतो. बॅटरीचा करंट घरच्यासारखा करायला हा इन्व्हर्टरचा डबा लागेल. डब्याला बॅटरी लागेल. बॅटरी टिकायला जीपचं इंजिन चालू ठेवावं लागेल. आणि तुम्हाला लागतील..."

"काय?"

"शुभेच्छा. इंजिन बंद ठेवून बघत बसलात, तर टीव्हीही बसेल आणि जीपही. मग माझ्याकडे यायचं नाही."

"मला शिकवू नका हो. उभा जन्म स्टोअरमध्ये गेलाय माझा!" मच्छिंद्रराव म्हणाले.

"म्हणूनच सांगितलं," ज्ञानदेव म्हणाला आणि बिल करायला बसला.

शनिवारी सकाळी जीप, जीपमागे ट्रेलर आणि ट्रेलरमध्ये गादीत गुंडाळलेला टीव्ही अशी वरात पानशेतच्या रस्त्याला लागली. कोंडीराम नावाच्या शेतकऱ्याच्या रानात मुक्काम ठरला होता. जागा मच्छिंद्ररावांनी मुद्दाम निवडली होती. समोर धरणाचं पाणी, आणि मान वर केली की सिंहगडावरचा टीव्हीचा टॉवर. "इथे चित्र नाही आलं तर जगात कुठेच येणार नाही," असं म्हणून त्यांनी बांबूला अँटेना बांधली आणि ट्रेलरच्या टपावर चढले.

"आलं का?"

"नो!"

"आता?"

"मुंग्या, बाबा! लेफ्टला घ्या! तुमचं लेफ्ट नाही, माझं लेफ्ट!"

अर्ध्या तासानं असं निष्पन्न झालं, की मच्छिंद्ररावांनी अँटेना हातात धरून, एक पाय थोडा वाकवून, तोंड गडाकडे केलं तर चित्र लख्ख येतं. सोडली की जातं. बांबूला धरायला सांगावं तर बांबूला पाय नाही. जीपचं इंजिन एव्हाना धडधडत होतं आणि त्या धडधडीनं ट्रेलर, टीव्ही आणि टपावरचे मच्छिंद्रराव एका तालात हलत होते.

"अहो, बंद करा ते मेलं!" आतून शालूताई ओरडल्या. "चार वाजता मला माझा आवाज तरी ऐकू येऊ दे!"

मच्छिंद्ररावांना ज्ञानदेव आठवला. पण टपावर उभ्या असलेल्या माणसाला खालच्या माणसांचे सल्ले लहान वाटू लागतात. "उत्कर्षा, किल्ली फिरव. बंद कर. बॅटरी दणकट आहे."

इंजिन बंद होताच रानात टीव्हीचा आवाज घुमला आणि वाडीवरची माणसं जमू लागली. कोंडीराम आला, त्याची बायको सोजरबाई आली, शेजारपाजारचे आले, म्हशीमागे असलेले म्हशीसकट आले. बघता बघता चाळीस माणसं ट्रेलरच्या दारासमोर मांडी घालून बसली. कुठलासा सिनेमा लागला होता. मच्छिंद्ररावांचा ऊर भरून आला. या साध्याभोळ्या माणसांना आपण काय सुख दाखवतोय! साडेबारापासून साडेतीनपर्यंत ते भर उन्हात एक पाय वाकवून टपावर उभे राहिले. सिनेमातलं त्यांना काहीच दिसलं नाही. लोक हसले की ते हसत, लोक हळहळले की चुकचुकत.

साडेतीन वाजून गेले आणि खाली वेगळीच हळहळ ऐकू आली.

"बाबा, पिक्चर श्रिंक होतंय!"

चित्र आक्रसत आक्रसत तळहाताएवढं झालं, इन्व्हर्टरनं बारीकसा गळा काढला, आणि टीव्ही मिटला.

मच्छिंद्रराव टपावरून उतरले नाहीत, घसरले. जीपमध्ये बसून किल्ली फिरवली. जीप एकदा 'खर्र' म्हणाली. पुन्हा फिरवली. तेवढंही म्हणाली नाही.

"चार वाजता माझी चटणी आहे," शालूताई शांतपणे म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मच्छिंद्ररावांना कमी भीती वाटली असती.

"धक्का! धक्का मारला की चालू होईल. उतारच आहे!"

चाळीसपैकी दहा गडी जीपला भिडले. आधी ट्रेलर सोडवून घेतला; तेवढं मच्छिंद्ररावांच्या लक्षात होतं. जीपची बॅटरी वायरीनं ट्रेलरमधल्या इन्व्हर्टरला जोडलेली आहे, हे मात्र नव्हतं. ती वायर सुटू नये म्हणून त्यांनी स्वतःच तिला तिहेरी गाठ मारली होती. आणि टीव्हीची पिन इन्व्हर्टरमधून निघू नये म्हणून वरून अर्धं बंडल चिकटपट्टी गुंडाळली होती. (कारखान्यातली सवय. काम करायचं ते पक्कं.)

"हेऽऽऽ हुप्प!"

जीप उताराला लागली. मागोमाग ट्रेलरच्या दारातून इन्व्हर्टर उडी मारून बाहेर आला आणि पाळीव कुत्र्यासारखा जीपमागे धावू लागला. त्याच्यामागे टीव्ही निघाला. तो दारातून पडणार, इतक्यात सोजरबाईंनी झेप घेऊन त्याला कवेत धरला. एका टोकाला दहा गडी आणि जीप, दुसऱ्या टोकाला एकट्या सोजरबाई. त्यांनी पाय रोवले. वायर ताणली, कुरकुरली आणि तुटली.

"सोडला न्हाई!" सोजरबाई धापा टाकत म्हणाल्या.

जीप मात्र सुटलीच होती. ती उतारावरून डौलानं गेली, नुकतंच पाणी दिलेल्या मेथीच्या वाफ्यात शिरली आणि दारापर्यंत रुतून शांत बसली. इन्व्हर्टर पाटाच्या पाण्यात पडला. त्यानं दोन बुडबुडे सोडले. मच्छिंद्ररावांनी हात घालून त्याला बाहेर काढला, तेव्हा त्यांचा कोपरापर्यंतचा हात चिखलानं काळा झाला होता आणि मोरपंखी साडीचं स्वप्न पाटात गेलं होतं.

चारला पाच मिनिटं होती. शालूताई ट्रेलरच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आता मात्र मच्छिंद्रराव चिखलासकट त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. लग्नाला बावीस वर्षं झाली, या बाईनं एकच हौस केली होती, आणि तीही दोडक्याच्या शिरांची.

"शालू, मी..." ते म्हणाले.

कोंडीरामनं टोपी सारखी केली. "वैनीबाई रडत्यात कशापायी? टीव्हीच बघायचाय ना? मग आमच्या घरला चला की."

"तुमच्याकडे टीव्ही आहे?"

"हाय की. एकवीस इंची. कलर. केबलबी हाय."

शालूताईंनी डोळ्यांवरचा पदर काढला.

"अहो कोंडीराम," मच्छिंद्ररावांचा आवाज चिरकला, "मग तीन तास तुम्ही इथे उन्हात बसून..."

"न्हाई, म्हणलं सायबाची हौस हाय. टपावर येवढं उभं ऱ्हायलेत, तर मधनंच उठून जानं बरं दिसतंय व्हय?"

मग सगळं रान पळालं. शालूताई पुढे, उत्कर्षा मागे, सोजरबाई अजूनही छोटा टीव्ही काखोटीला मारून, आणि सगळ्यात शेवटी चिखलाच्या हाताचे मच्छिंद्रराव. कोंडीरामच्या ओसरीवर टीव्ही लागला आणि त्याच क्षणी शालूताई पडद्यावर आल्या. साडी मोरपंखीच होती. चटणी हिरवीगार होती. ओसरीभर "अगं बया, ह्याच की त्या!" झालं. शालूताईंचा चेहरा असा उजळला, की मच्छिंद्ररावांना रुतलेली जीप ही माफक किंमत वाटू लागली.

पडद्यावरच्या निवेदिकेनं चटणी चाखली. "वा! आणि ही तुम्ही मिक्सरवर न करता पाट्यावर वाटता, हे विशेष. जुन्या पद्धतीची आवड आहे का?"

"आवड कसली!" पडद्यावरच्या शालूताई हसून म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी घरचा मिक्सर दुरुस्त केला. तेव्हापासून पाट्यावरच वाटतो आम्ही."

"अय्या! मिस्टर इंजिनिअर आहेत का?"

"नाही हो. पण त्यांना ते अजून कुणी सांगितलेलं नाही."

निवेदिका हसली. ओसरी हसली. मग चाळीस माना हळूहळू वळल्या आणि मच्छिंद्ररावांच्या काळ्या हातावर स्थिरावल्या. शालूताईंनी जीभ चावली. "अहो, ते महिन्याभरापूर्वी बोलले होते मी," त्या कुजबुजल्या.

तेवढ्यात टीव्हीचं चित्र जरासं थरथरलं. मच्छिंद्रराव सवयीनं उठून टीव्हीच्या दिशेनं निघाले.

"सायेब!" चाळीस माणसं एकदम ओरडली. "बसा खाली!"