फेब्रुवारीतच शंभर टक्के

"टार्गेट ठरवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या युनिव्हर्सिटीत कोणी नाही!" जानेवारीतल्या एका सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता डॉ. सारंग मोघेने जाहीर केलं.

त्याच्या बायकोने, उल्काने, पुण्यात दहा वर्षं एचआरमध्ये काढली होती. तिने नुसतं "बरं" म्हटलं. हे 'बरं' कोणत्या जातीचं असतं, ते लग्न झालेल्या वाचकांना सांगायला नको.

सारंग सिंगापुरातल्या एका युनिव्हर्सिटीत सिव्हिल इंजिनियरिंग शिकवायचा आणि काँक्रीटला तडे का जातात यावर संशोधन करायचा. त्याचं कॉन्ट्रॅक्ट यंदा डिसेंबरात संपत होतं. वाढलं तर ठीक. नाहीतर त्याचा सिंगापुरात राहायचा पास गेला, त्याच्या पासवर राहणाऱ्या उल्काचा आणि लेकीचा, स्वानंदीचा गेला, बुकित बातोकमधला भाड्याचा फ्लॅट गेला, आणि सगळं बिऱ्हाड खोक्यांत भरून परत कोथरूड! स्वानंदी तेरा वर्षांची. तिचं मराठी 'आई' आणि 'भूक लागली' एवढ्यावर येऊन थांबलेलं. तिला कोथरूडच्या शाळेत पाठवायच्या नुसत्या विचाराने सारंगला घाम फुटायचा.

पूर्वी हे काम सोपं होतं. वर्षाअखेरीस हेड ऑफ डिपार्टमेंट प्रोफेसर टॅन कॉफी पाजायचे, "कीप इट अप" म्हणायचे आणि कॉन्ट्रॅक्ट वाढायचं. यंदा मात्र 'समिट' नावाचं पोर्टल आलं. प्रत्येक प्राध्यापकाने वर्षाची तीन टार्गेटं स्वतःच लिहायची. ती मोजता आली पाहिजेत. आधी लाल, काम चालू झालं की पिवळं, संपलं की हिरवं. सरस्वतीची उपासना आता सिग्नलवर चालणार होती!

बाकीचे प्राध्यापक डोकं धरून बसले. सारंगने दहा मिनिटांत तिन्ही टार्गेटं लिहून टाकली. दोन पेपर छापायचे. (दोन्ही मागच्या डिसेंबरातच स्वीकारले गेले होते.) एका परिषदेत भाषण द्यायचं. (ते पुढच्याच आठवड्यात होतं.) प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे फोडायचं नवं यंत्र बसवायचं. (ते येऊन कोपऱ्यात पडलंच होतं.) झालेल्या कामांनाच टार्गेट म्हणायचं, की नापास व्हायची भीतीच नाही!

फेब्रुवारीच्या अखेरीस सगळं हिरवं झालं. पडद्यावर फुगे उडाले. सारंगने फोटो काढून उल्काला पाठवला. तिचा ताबडतोब फोन आला.

"अरे, फेब्रुवारीत कोणी हिरवं करतं का? वर्षभर पिवळं ठेवायचं, येता-जाता कण्हायचं आणि नोव्हेंबरात हिरवं करायचं!"

"तुझी ती कंपनी होती, उल्का. ही विद्येची जागा आहे."

दुसऱ्याच दिवशी विद्येच्या जागेवरून मेल आला. अभिनंदन! आपण डिपार्टमेंटचे या वर्षीचे 'स्टार परफॉर्मर' आहात! खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की टार्गेटं फारच लवकर गाठल्यामुळे ती आपोआप तिप्पट करण्यात आली आहेत.

तिप्पट! म्हणजे सहा पेपर, तीन भाषणं आणि तीन यंत्रं! जिथे एक यंत्र बसवताना कपाट बाहेर काढावं लागलं, तिथे आणखी दोन कुठे बसवायची? आणि सहा पेपर? काँक्रीटला तडा जायलाच दीड वर्ष लागतं. त्याला कोण सांगणार, की बाबा, डिसेंबरात माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, जरा उरक?

सारंगने डोकं लढवलं. यंत्राचं टार्गेट त्याने हिरव्यावरून परत पिवळं केलं. म्हणजे काम अपुरं, म्हणजे तिप्पट रद्द! पोर्टलने कारण विचारलं आणि चार पर्याय दिले. त्यातल्या त्यात जवळचा होता 'कामगिरीत घसरण'. सारंगने तो दाबला.

दोन मिनिटांत मेल आला. आपल्याला 'सुधारणा योजने'त दाखल करण्यात आलं आहे!

सुधारणा योजनेतल्या माणसाचं कॉन्ट्रॅक्ट सहसा वाढत नाही. सारंग धापा टाकत एचआरच्या मिस लिमकडे पळाला. तिने पडद्याकडे पाहिलं आणि डोळे विस्फारून ती सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली,

"प्रोफ, यू स्टार परफॉर्मर. ऑल्सो इम्प्रूव्हमेंट प्लॅन. वा, फर्स्ट टाइम आय सी!"

"एक काहीतरी काढून टाका ना. दोन्ही काढलीत तरी चालेल!"

"कॅनॉट लाह. सिस्टिम लॉक ऑलरेडी. बट डोन्ट वरी. सिस्टिम गिव्ह यू मेंटर. द स्टार परफॉर्मर ऑफ युअर डिपार्टमेंट!"

"कोण?"

मिस लिमने पडद्याकडे पाहिलं. सारंगकडे पाहिलं. परत पडद्याकडे पाहिलं.

"यू," ती म्हणाली.

दर गुरुवारी तीन वाजता मीटिंग रूम नंबर चारमध्ये सारंगने स्वतःची भेट घ्यायची, आणि मग दोघांनी आपापले फॉर्म भरायचे, असं ठरलं. पहिल्या गुरुवारी त्याने दोन्ही फॉर्मांत एकच मजकूर टाकला. पोर्टलने 'एकमेकांची नक्कल' म्हणून दोन्ही परत पाठवले! आता आली का पंचाईत? स्वतःशी मतभेद करणं भाग पडलं.

आणि काय सांगू, त्याला ते जमायला लागलं! मेंटरच्या खुर्चीत बसला की सारंगची मान ताठ व्हायची. "मागच्या आठवड्यात काय केलंत?" असं तो समोरच्या रिकाम्या खुर्चीला विचारायचा. मग उठून त्या खुर्चीत जायचा आणि सबबी सांगायचा. सबबी इतक्या लंगड्या असायच्या, की परत मेंटरच्या खुर्चीत येईपर्यंत मेंटरचं डोकं फिरलेलं असायचं.

ऑक्टोबरात मेंटरसाठी शेवटचा प्रश्न आला. या व्यक्तीचा सर्वांत मोठा दोष कोणता? किमान शंभर शब्द. 'दोष नाही' हे उत्तर पोर्टल घेईना. सारंगला क्षणभर वाटलं, की काहीतरी गुळमुळीत लिहावं. पण सात महिने त्या माणसाच्या थापा ऐकून तो खरोखरच वैतागला होता. 'हुशार आहे, पण अवघड काम अंगावर घेत नाही. झालेल्या कामांनाच टार्गेट म्हणतो. याला मोकळा सोडू नये.' असे एकशे साठ शब्द त्याने धडाधड लिहिले आणि फॉर्म पाठवून दिला. फार हलकं वाटलं त्याला!

नोव्हेंबरात प्रोफेसर टॅननी बोलावलं. मेंटरची नावं कॉन्ट्रॅक्ट वाढवणाऱ्या समितीपासून गुप्त असतात. त्यामुळे ते अगदी मोकळेपणाने बोलले. "तुझा मेंटर फार परखड आहे, सारंग. समितीने त्याचा शब्द न् शब्द मानला. तुझं कॉन्ट्रॅक्ट तीनऐवजी एकच वर्ष वाढवतोय. पुढची टार्गेटंही तोच ठरवेल. आम्ही त्याला बेस्ट मेंटरचं बक्षीस द्यायचं म्हणतोय."

सारंग घरी आला तो सुटका आणि लाज एकदमच घेऊन. कोथरूड वर्षभर लांबलं होतं, पण तोंड दाखवायला जागा नव्हती. जेवताना त्याने रिपोर्ट उल्कापुढे ठेवला. तिने तो वाचला आणि तिच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली.

"'याला मोकळा सोडू नये'? कोण हा मेला? तू काय मोकाट वळू आहेस? नाव सांग त्याचं!"

"नावं गुप्त असतात गं."

"युअर मेंटर सो मीन, लाह!" स्वानंदीने पापड मोडत री ओढली.

"रविवारी जेवायला बोलव त्याला. एकदा बघतेच मी त्याच्याकडे! दोन वर्षं गेली आपली त्याच्यामुळे!"

सारंगने आमटीचा भुरका मारला आणि मान खाली घालून म्हणाला,

"जाऊ दे ना. माणूस वाईट नाही तसा. फक्त स्वतःला फार शहाणा समजतो."