सगळ्यांना एकच मेनू

ऑफिसच्या वेबसाइटचा मेनू उघडेपर्यंत हिशेबनीस काकूंचा चष्मा पुसून व्हायचा. कुणीही कुठलंही पान उघडलं, की सर्व्हर दर वेळी डेटाबेसकडे धावायचा आणि 'ह्या माणसाला काय काय दाखवू?' असं विचारून यायचा. साहेबांनी इंजिनिअरला बजावलं होतं, "आधी मेनू पळव, मग तुझ्या रजेचं बघू."

रजा त्याला हवीच होती. बायकोबरोबरची समुद्रावरची सहल दोनदा रद्द झाली होती. आता रद्द झाली तर मी एकटी जाईन, असं तिने अगदी शांतपणे सांगितलं होतं, आणि तो तिच्या शांतपणालाच घाबरायचा.

सकाळी लवकर येऊन त्याने युक्ती केली. मेनू एकदाच आणायचा, सर्व्हरच्या तात्पुरत्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये ठेवायचा आणि पुढे सगळ्यांना तोच द्यायचा. मेनू पापणी लवायच्या आत उघडला. खुशीत रजेचा अर्ज टाकून तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

साहेबांचा चेहरा उतरला होता. "माझ्या मेनूत 'रजा मंजुरी'च नाही रे! नुसतं 'रजेचा अर्ज' आणि 'मदत'. वरच्यांनी मला काढलं की काय?"

इंजिनिअरच्या डोक्यात प्रकाश पडला. पहिला मेनू त्याने स्वतःच उघडला होता, म्हणून त्याचाच मेनू कॅशमध्ये जाऊन बसला होता.

"तुम्हाला कोण काढतंय, साहेब! आत्ता करतो." त्याने घाईघाईने कॅश रिकामी केली. "उघडा आता!"

"आला, आला!" साहेबांचा जीव भांड्यात पडला. अधिकार परत आल्याच्या आनंदात ते दिसेल ते बटण दाबत सुटले.

थोड्या वेळाने काकूंनी हाक मारली. "अरे, हे 'रजा मंजुरी' माझ्याकडे कसं आलं? दाबून बघितलं, तर माझी रजा मंजूर!"

ह्या वेळी पहिला मेनू साहेबांनी उघडला होता. ज्याला बटणच दिसत नाही तो दाबणार कसा, ह्या भरवशावर दाबणाऱ्याला तो अधिकार आहे का, ही तपासणी इंजिनिअरने आत ठेवलीच नव्हती.

"काकू, हात लावू नका!"

"आता काय उपयोग? सगळ्यांनी अर्ज टाकून आपापली करून घेतली. तुझीच राहिलीये. दाबू का?"

"नको! मीच मुद्दाम केलं असं वाटेल." त्याने घाम पुसत प्रत्येक हुद्द्याचा मेनू वेगळा साठवला, आत तपासणीही बसवली. आता चूक शोधूनही सापडली नसती.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. "सोमवारपासून सगळं ऑफिस रजेवर? मंजुरी तर माझ्याशिवाय कुणी देऊ शकत नाही. मघाशी माझ्याच हातून दाबलं गेलं वाटतं."

खरं सांगितलं तर नोकरीवर गदा येणार होती. इंजिनिअरने मान डोलावली.

"असू दे. दिलेली रजा काढून घेणं बरं दिसत नाही. पण कुणीतरी थांबायला हवं, आणि अर्ज तुझाच शिल्लक आहे." साहेबांनी आपल्या मोबाइलवर त्याच्यासमोरच 'नामंजूर' दाबलं. "बाकी मेनू काय झकास पळतोय रे!"

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "मिळाली का रजा?"

"मिळाली," तो म्हणाला. "माझ्याशिवाय सगळ्यांना."

"बरं," ती शांतपणे म्हणाली, आणि फोनवर त्याला एकाच बॅगेची चेन लावल्याचा आवाज ऐकू आला.