चौदा चिकटपट्ट्या

"निवड शास्त्रीय पद्धतीनेच होणार!" लिफ्टच्या मेकॅनिकने बायकोला ठणकावून सांगितलं.

कारणही तसंच होतं. लिफ्टच्या छतावर उभं राहून दोन्ही हातांनी दोर तपासताना त्याची पँट घसरली होती, आणि तीही अख्ख्या इमारतीच्या साक्षीने! गुन्हेगार होतं खिशातलं मल्टिटूल. पकड, करवत, कानस, सुरी... एकात चौदा अवजारं, आणि वजन विटेएवढं! सासऱ्यांनी छापखान्यातून निवृत्त होताना ते मोठ्या अभिमानाने जावयाच्या हाती ठेवलं होतं. तेव्हापासून सासरे, म्हणजे अण्णा, याच घरात राहत होते. त्यामुळे विषय जरा नाजूक होता.

"प्रत्येक अवजाराला चिकटपट्टी लावायची. महिन्याभरात वापरताना ज्याची पट्टी फाटेल ते कामाचं, बाकी नुसतं ओझं! मग तेवढीच अवजारं असलेलं हलकं मल्टिटूल आणायचं!"

अण्णा वर्तमानपत्राआडून ऐकत होते.

पहिल्या आठवड्यात तीनच पट्ट्या फाटल्या. स्वारी खूश! पण मग घरालाच काय झालं कोण जाणे. सोमवारी खुर्चीचा हात निखळला, मंगळवारी कपाटाची मूठ हातात आली, बुधवारी टेबल डुगडुगायला लागलं.

"अहो, घर आहे की भंगाराचं दुकान?" बायको कावली.

रोज संध्याकाळी सासरे-जावई जमिनीवर फतकल मारून बसायला लागले.

"जावईबापू, स्क्रू असा दामटू नका. आधी उलटा फिरवा. टक्‌ वाजलं की समजा, आटा सापडला. मग आवळा."

मेकॅनिकने फिरवून पाहिलं. खरंच टक्‌ वाजलं! इतकी वर्षं काम केलं, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पट्ट्या मात्र पटापट फाटत होत्या. बघता बघता बारा फाटल्या!

तिसऱ्या शनिवारी बाथरूममधून धडधड आवाज आला.

"कडी अडकली!" आतून अण्णा ओरडले.

"घाबरू नका, आलोच!" मेकॅनिक धावला. खिसा पाहिला, पिशवी उलटी केली, पलंगाखाली वाकला. "अण्णा, थांबा हं, माझं मल्टिटूल कुठे गेलं कळत नाही!"

"जावईबापू, शोधू नका. ते माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे? बाथरूममध्ये?"

"कडीचे स्क्रू जरा सैल करत होतो. ती तिरकी होऊन बसली."

खुर्ची, कपाट, टेबल... मेकॅनिकच्या डोक्यात एकदम उजेड पडला. आधी त्याला राग आला. मग तो दाराला पाठ लावून खाली बसला.

"का हो अण्णा?"

"दोन वर्षं या घरात आहे मी. 'जेवलात का?' याच्यापुढे आपलं बोलणं कधी गेलं? या पंधरवड्यात रोज बोललो. तुम्ही नवीन आणलंत की हे जाणार अडगळीत. मग माझं काय काम उरलं?"

मेकॅनिक दाराकडे वळला. "बरं, आता त्यानेच कडी उचकटा ना," तो कसंबसं म्हणाला.

"तीच तर पंचाईत! याचं एकही टोक फटीत शिरत नाही. जाड आहे हो फार!"

इतक्यात बायको आली. तिने चमचा दाराखालून आत सरकवला. "बाबा, दांड्याने ढकला." खट्‌! दार उघडलं. "आणि वजनाला हलका आहे बरं का," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली.

रविवारी सासरे-जावई जोडीने दुकानात गेले. सात अवजारांचं, सडपातळ, पिसासारखं मल्टिटूल निवडलं. अण्णांनी ते तळहातावर तोललं, उघडलं, मिटलं, आणि सरळ आपल्या खिशात टाकलं.

"घरचं काम माझ्याकडे. जुनं तुमच्याकडेच राहू द्या, तुम्हाला सवय आहे!"

सोमवारी मेकॅनिक पुन्हा लिफ्टच्या छतावर होता. एक हात दोराला, दुसरा पँटला! संध्याकाळी घरी आल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं, खुर्चीचा स्क्रू हळूच दोन आटे सैल केला आणि हाक मारली,

"अण्णा, तुमचं ते नवीन मल्टिटूल घेऊन येता का जरा?"